एचआयव्ही आईला आहे, बाळाला का व्हावा?

गरोदरपणाची नोंद करायला गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन, साखर, कावीळ, सिफिलिस यांच्यासोबत एचआयव्हीसाठीही रक्त तपासलं जातं. तपासणी पॉझिटिव्ह आली की समुपदेशकाच्या खोलीत ती सगळ्यात आधी जे विचारते ते सहसा स्वतःबद्दल नसतं. ‘बाळाला झाला असेल का?’ आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, ‘पाडावं लागेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते : नाही. केवळ एचआयव्ही आहे म्हणून गर्भपात करायची गरज नाही. कुणी डॉक्टर तसा आग्रह धरत असेल तर त्याचं वाचन वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच थांबलं आहे असं खुशाल समजा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं.

आईने काहीच उपचार घेतले नाहीत, तर शंभर बाळांपैकी साधारण १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. अंगावर पाजलं का आणि किती महिने, यावर हा आकडा वरखाली होतो. म्हणजे औषधं नव्हती तेव्हाही निम्म्याहून जास्त मुलं सुटत होती. वेळेवर उपचार सुरू झाले आणि आईच्या रक्तातला विषाणू दबलेला राहिला, तर हाच आकडा शंभरात एक-दोनवर, पुष्कळदा त्याहूनही खाली येतो. एवढा फरक कशाने पडतो आणि त्यातलं घरच्यांच्या हातात काय आहे, ते आता पाहू.

‘बापाला आहे म्हणजे बाळाला असणारच’ हे अनेक घरांत ठामपणे बोललं जातं. ते खरं नाही. वडिलांकडून बाळाला थेट लागण होत नाही. वडिलांकडून आईला होते, आणि आईला झाली तरच पुढे बाळाला होण्याची शक्यता निर्माण होते. नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह अशी जोडपी आहेत आणि त्यांना निरोगी मुलंही आहेत. अशा जोडप्याने करायचं ते एवढंच : नवऱ्याने गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि मूल हवं असेल तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, तसं आधी बोलायचं.

आईकडून बाळाला विषाणू पोचतो तो तीन टप्प्यांवर. उपचार नसताना पोटात असताना शंभरातल्या पाच ते दहा बाळांना, बाळंतपणाच्या वेळी दहा ते पंधरा बाळांना, आणि पुढे दुधातून पाच ते वीस बाळांना. पोटातला आकडा कमी आहे याचं कारण वार. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेतून अन्न आणि प्राणवायू पलीकडे जातो, विषाणू बहुतांशी अलीकडेच अडतो. वारेला सूज आली, जंतुसंसर्ग झाला, मलेरियासारखा ताप वारेपर्यंत पोचला, की ही गाळणी कमजोर होते. म्हणून एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईने ताप अंगावर काढू नये. अंगावरून पांढरं जाणं, जननमार्गावरच्या जखमा, सिफिलिस यांचे उपचारही लाजेपोटी पुढे ढकलू नयेत. सिफिलिसची तपासणी हल्ली एचआयव्हीसोबतच होते. तो इंजेक्शनने बरा होतो आणि तसाच राहिला तर बाळाला दोन्हीकडून मार बसतो.

रक्तात किती विषाणू आहे?

बाळाचा धोका वाढवणारी कारणं पुस्तकात पाहिली तर यादी लांबलचक निघते. पण त्या यादीतली निम्मी-अधिक कारणं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात : आईच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत. याला व्हायरल लोड म्हणतात. तो लाखांत असेल तर प्रत्येक टप्प्यावर धोका मोठा. हजाराच्या खाली गेला की झपाट्याने कमी, आणि यंत्राला सापडेनासा झाला की जवळपास नाहीसा. सीडी-४ हा वेगळा आकडा आहे. तो आईची प्रतिकारशक्ती सांगतो. ‘माझे सीडी-४ आठशे आहेत, मला कशाला गोळ्या?’ असं म्हणणारी बाई स्वतः ठणठणीत असू शकते, पण तिचा व्हायरल लोड चढा असेल तर बाळाला धोका आहेच.

हे सगळं शिकायला जगाला वेळ लागला. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका अभ्यासात गरोदर आयांना आणि त्यांच्या बाळांना झिडोव्ह्युडीन हे एकच औषध दिलं, तेव्हा संसर्गाचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. पण ते औषध महिनोन् महिने द्यावं लागे आणि गरीब देशांना परवडत नसे. १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासाने दाखवलं की बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला एक डोस एवढ्यानेही धोका जवळजवळ निम्मा होतो. आपल्याकडे सरकारी कार्यक्रम सुरू झाला तो याच एका गोळीवर. त्या काळात बाळंत झालेली जाऊ किंवा नणंद आज तुम्हाला सांगेल, ‘मला तर एकच गोळी दिली होती, तुला रोज कशाला?’ तिचं खरं आहे. तेव्हा तेवढंच मिळत होतं. पण एका गोळीने आईच्या आजारावर उपचार होत नसे, दुधातून जाणारा विषाणू अडत नसे, आणि वर त्या औषधाला विषाणू सरावायचा. भारतात जानेवारी २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला, सीडी-४ कितीही असोत, आयुष्यभराचे उपचार सुरू करायचं धोरण आलं. आज बहुतेकींना मिळते ती टीएलडी : टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एका गोळीत, दिवसातून एकदा, सरकारी एआरटी केंद्रात फुकट.

या गोळीने विषाणू लवकर दबतो, पण एका रात्रीत नाही. बाळंतपणाच्या आधी निदान काही आठवडे तरी उपचार हातात असावे लागतात, आणि गर्भ राहण्याच्या आधीपासूनच चालू असतील तर सगळ्यात उत्तम. तिसऱ्या महिन्यात नोंद करणारी आणि आठव्या महिन्यात नोंद करणारी यांच्या बाळांमधला फरक इथे पडतो. ‘तीन महिने होईस्तोवर कुणाला सांगायचं नाही’ ही आपल्याकडची रीत नातेवाइकांपुरती ठेवा. आशाताईला पाळी चुकल्याबरोबर सांगा.

आता एक बारीक गोष्ट, जी चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते. गरोदर बाईला दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. या गोळ्यांसोबत डोल्युटेग्राव्हिर उपाशीपोटी घेतलं तर ते पोटातच लोहाला, कॅल्शियमला चिकटून बसतं आणि रक्तात नीट उतरत नाही. बाई रोज नेमाने गोळी घेते आणि व्हायरल लोड मात्र हवा तेवढा उतरत नाही, याचं कारण कधी कधी हे असतं. उपाय सोपा आहे. टीएलडी आधी घ्यायची आणि लोह-कॅल्शियम निदान दोन तासांनी. किंवा लोह-कॅल्शियम आधी झालं असेल तर टीएलडी सहा तासांनी. एवढं घड्याळ सांभाळणं जमत नसेल तर भरपेट जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात. आम्लपित्ताच्या पातळ औषधाबाबतही केंद्रात विचारून घ्या, गरोदरपणात ते घरोघरी चालू असतं. क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरचा डोस वाढवावा लागतो, म्हणून एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवलीच पाहिजे. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर अंदाजाने पुढची गोळी खाऊ नका, केंद्रात फोन करा.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आणखी एक. या पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात एचआयव्ही-२ हा विषाणूचा दुसरा प्रकारही काही जणांमध्ये सापडतो. तो बाळाला कमी प्रमाणात जातो, पण नेव्हिरॅपिन त्याच्यावर चालतच नाही. बाळाला वेगळं औषध द्यावं लागतं. तुमच्या अहवालावर एक, दोन की दोन्ही लिहिलं आहे ते एकदा वाचून घ्या आणि प्रसूतीच्या ठिकाणी सांगा.

निगेटिव्ह अहवालही कायमचा नसतो

नव्याने लागण झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड वाढलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत नेहमीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना आईला झालेली नवी लागण बाळासाठी सगळ्यात घातक. तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह आलेली, नवरा ट्रकवर किंवा परगावी कामाला असलेली, आणि पुन्हा कुणीच तपासलं नाही अशी बाई कार्यक्रमाच्या हातून निसटते. नवऱ्याची तपासणी पत्नीच्या पहिल्या नोंदणीच्या वेळीच व्हायला हवी. ती नसेल झाली, किंवा काही शंका असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत आपली तपासणी पुन्हा मागून घ्या. ‘एकदा झाली ना’ असं उत्तर आलं तरी मागा. आणि गरोदरपणात व बाळ पितं आहे तोवर निरोध वापरा. गर्भ राहायची भीती नाही म्हणून जोडपी निरोध नेमका याच काळात बाजूला ठेवतात.

सातवा महिना, माहेर आणि फड

उपचार घेणाऱ्या बाईचा व्हायरल लोड बाळंतपणाआधी, ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, एकदा तपासायचा असतो. बाळंतपण कसं करायचं आणि बाळाला कोणतं औषध किती दिवस द्यायचं हे या एका आकड्यावर ठरतं. आता आपल्याकडचा हिशोब मांडून बघा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि पहिलटकरीण माहेरी जाते. म्हणजे तपासणीची वेळ येते तेव्हा ती आपल्या एआरटी केंद्रापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर असते. सोबत महिन्याभराच्या गोळ्या, त्याही आईला दिसू नयेत म्हणून साडीच्या घडीत ठेवलेल्या. माहेरी माहीत नसतं, किंवा माहेरी माहीत असतं आणि वहिनीला माहीत नसतं. गोळ्या संपतात. ‘आता बाळंत होऊनच जाऊ’ असं ठरतं. विषाणू पुन्हा डोकं वर काढतो ते याच दोन महिन्यांत, आणि बाळाला सगळ्यात जास्त धोका असतो तोही याच काळात.

माझं ठाम मत असं आहे की आपल्याकडे आईकडून बाळाला एचआयव्ही जातो तो औषध नाही म्हणून फारसा नाही, तो या लपवाछपवीत जातो. वैद्यकीय पुस्तकातल्या कारणांच्या यादीत ‘माहेर’ नसतं, पण असायला हवं.

माहेरी जाऊ नका असं कुणी म्हणणार नाही. जायच्या आधी केंद्रात जाऊन तीन गोष्टी करा. एक, मुक्कामाची मुदत सांगून तेवढ्या गोळ्या एकदम मागा. प्रकृती स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या मिळू शकतात. दोन, माहेरजवळचं एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्र कोणतं ते समुपदेशकाकडून लिहून घ्या. ही लिंक केंद्रं उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही आहेत. तिकडच्या समुपदेशकाला इकडूनच फोन करायला लावा. तीन, व्हायरल लोडची तपासणी इथे करून निघायचं की तिथे करायची, याची तारीख ठरवा. उपचाराचं पुस्तक सोबत न्या. ते सापडेल अशी भीती वाटत असेल तर पानांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पण काहीतरी सोबत हवंच.

माहेरच्या कुणा एका माणसाला विश्वासात घेता आलं तर निम्मं काम होतं. सगळ्यांना सांगायची गरज नाही. आई, बहीण, कुणीही एक : जी रात्री नऊला ‘गोळी घेतलीस का?’ विचारेल आणि बाळंतपणाच्या धावपळीत बाळाच्या औषधाची आठवण ठेवेल. कुणाला सांगायचं हे समुपदेशकासोबत बसून ठरवता येतं, आणि सांगताना समुपदेशक सोबत बसूही शकतो.

बीड, अहिल्यानगरकडून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची अडचण याहून मोठी आहे. ती नवऱ्यासोबत कोयता म्हणून उचल घेऊन निघते आणि दिवाळीच्या सुमारास गाव सोडते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. तिचं गरोदरपण उसाच्या फडात जातं, मुक्काम दर काही आठवड्यांनी हलतो, आणि दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाचा खाडा. मुकादमाला कारण सांगायची सोय नाही. तिने निघण्याआधी ज्या तालुक्याला जायचं आहे त्याचं नाव केंद्रात सांगावं, आणि तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदरपणाची तपासणी म्हणून जावं. तसं सांगितलं तर कोपीतल्या शेजारणींनाही वेगळं काही वाटत नाही. आशाताईंनी आणि केंद्रांनी गावातल्या एचआयव्हीबाधित गरोदर बायांची चौकशी टोळ्या निघायच्या आधी करायला हवी, नंतर नाही.

बाळंतपण

बाळंतपण घरी नको, दवाखान्यातच हवं. पाणमोट फुटली की वाट बघत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. पाणी जाऊन चार तासांहून जास्त वेळ गेला की बाळाला धोका वाढत जातो, विशेषतः आईचा व्हायरल लोड चढा असेल तेव्हा. मुद्दाम पाणमोट फोडणं, गरज नसताना जननमार्गाला छेद देणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावणं या गोष्टी डॉक्टरांनी शक्यतो टाळायच्या असतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला आणि जुळ्यांपैकी आधी येणाऱ्या बाळाला धोका थोडा अधिक असतो. त्यावर आपला इलाज नाही, पण डॉक्टर मग बाळाच्या औषधाचा विचार वेगळा करतात.

सिझेरियनबद्दल फार विचारलं जातं. व्हायरल लोड दबलेला असेल तर नेहमीचं बाळंतपण सुरक्षित आहे आणि केवळ एचआयव्हीसाठी पोट फाडून घेण्याचा बाळाला वेगळा फायदा नाही. लोड हजाराच्या वर असेल, किंवा गोळ्या उशिरा सुरू झाल्या असतील, तर निर्णय डॉक्टरांसोबत घ्यावा लागतो. एखाद्या खासगी रुग्णालयाने ‘आमच्याकडे ही केस होत नाही’ म्हणून कळा येत असताना दार लावणं आजही घडतं. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने उपचार नाकारणं, संमतीशिवाय तपासणी करणं आणि तुमची माहिती इतरांना देणं या तिन्हींना मनाई केली आहे. पण कळा चालू असताना कायदा सांगत बसायला कुणाला वेळ नसतो. म्हणून रुग्णालय आठव्या महिन्यातच पक्कं करा आणि तिथल्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल आधीच सांगा. ही माहिती लपवली तर बाळाला जन्मल्याबरोबर द्यायचं औषध कुणाच्याच लक्षात येत नाही.

दूध, गुटी आणि आजीचा हट्ट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि तो उगाच नाही. काही वर्षांपूर्वी ‘अंगावर अजिबात पाजू नका’ असं सांगितलं जायचं, आता ‘पाजा’ म्हणतात. दोन्हींमागे कारणं होती. उपचार नसताना दुधातून विषाणू जातो आणि जितके महिने पाजाल तितका धोका साचत जातो. पण वरचं दूध म्हणजे काय ते बोट्सवानात २००६ मध्ये दिसलं. तिथे सरकार एचआयव्हीबाधित आयांना डब्याचं दूध फुकट देत होतं. जोरदार पाऊस झाला, पाणी दूषित झालं, अतिसाराची साथ आली, आणि दगावलेल्या बाळांत अंगावर न पिणारीच जास्त होती. एचआयव्हीतून वाचवलेली बाळं जुलाबाने गेली.

आई नेमाने गोळ्या घेत असेल तर दुधातून होणारा संसर्ग फार कमी असतो. आफ्रिकेतल्या देशांसोबत भारतही सहभागी असलेल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात तो सहा महिन्यांना ०.३ टक्के आणि वर्षाला ०.६ टक्के निघाला. त्यामुळे आपल्याकडचा सल्ला असा आहे : गोळ्या चालू, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू करून अंगावरचं निदान वर्षापर्यंत. डब्याचं दूध पाजायचंच ठरवलं तर ते पूर्णपणे पाजावं, आणि त्यासाठी उकळलेलं पाणी, स्वच्छ वाटी-चमचा आणि महिन्याचा खर्च सहा महिने निभेल का ते आधी बघावं. पहिल्या पंधरा दिवसांत पैसे संपले की मग डब्यात पाणी वाढतं.

‘फक्त’ या शब्दावर सगळं अडतं. डरबानच्या अॅना कूट्सुडिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळांपेक्षा आईचं दूध आणि वरचं दोन्ही घेणाऱ्या बाळांना संसर्ग जास्त होतो. वरच्या दुधाने, पाण्याने कोवळ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते, असं त्याचं कारण मानलं जातं. आता मराठी घरातलं नवजात बाळ आठवा. जन्मल्यावर मधाचं बोट, चिकाचं दूध काढून टाकायचं, दूध उतरेपर्यंत साखरपाणी, बाराव्या दिवसापासून सहाणेवर उगाळलेली गुटी, पोट दुखतं म्हणून ग्राइपवॉटर, उन्हाळा आहे म्हणून दोन चमचे पाणी. यातलं प्रत्येक बाळाच्या काळजीनेच केलेलं असतं. एचआयव्ही असो-नसो, सहा महिन्यांपर्यंत यातलं काहीच लागत नाही. एचआयव्ही असेल तर ते धोक्याचं आहे. चीक तर पाजायचाच.

आजीला कसं सांगायचं? एचआयव्हीचं नाव न काढता सांगता येतं. ‘डॉक्टरांनी सहा महिने काहीच द्यायचं नाही सांगितलंय, बाळाचं पोट नाजूक आहे’, एवढं पुरतं. शिवाय आजीच्या हाताला दुसरं काम द्या : मालिश, शेक, बाळाला घेऊन बसणं. आणि तरीही कुणी तुमच्या मागे गुटी चाटवलीच तर घाबरून अंगावरचं तोडू नका. गोळ्या चालू असतील तर पाजत राहा, पुढे तेवढं टाळा. डॉक्टरांनी दिलेली औषधं, जीवनसत्त्वाचे थेंब, जुलाबात जलसंजीवनी या गोष्टी वरच्या अन्नात धरायच्या नाहीत.

स्तनाग्रांना चिरा पडल्या, रक्त येऊ लागलं, छातीत गाठ होऊन ताप आला किंवा गळू झालं, तर त्या बाजूने पाजणं थांबवा, ते दूध पिळून टाकून द्या, दुसऱ्या बाजूने पाजा आणि त्याच दिवशी दाखवा. बहुतेक चिरा बाळाने फक्त बोंडी तोंडात धरल्याने पडतात. भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, ते सिस्टरकडून दवाखान्यातच शिकून घ्या. बाळाच्या तोंडात पुसून न निघणारा पांढरा थर दिसला तर त्यावरही उपचार हवेत, कारण तोंडातल्या जखमा हीसुद्धा विषाणूला वाट असते. पाजणं बंद करायचं तेव्हा एका दिवसात तोडू नका, महिनाभरात हळूहळू सोडवा.

बाळाचं औषध आणि अठरा महिने

जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच बाळाला नेव्हिरॅपिनचं सिरप सुरू होतं. दुधातून होणारा संसर्ग सहा आठवड्यांच्या सिरपने कमी करता येतो का, हे इथिओपिया, युगांडा आणि भारतात मिळून तपासलं गेलं. त्यातला भारताचा भाग पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात झाला आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. आज आईचा व्हायरल लोड दबलेला असेल तर बाळाला सहा आठवडे एक औषध देतात. लोड चढा असेल, आईचं निदान बाळंतपणाच्या तोंडावर झालं असेल किंवा तिने गोळ्या घेतल्याच नसतील, तर दोन औषधं देतात आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला ती बारा आठवडे चालतात. डोस वजनावर ठरतो. खुणा असलेल्या सिरिंजनेच द्या, घरातल्या चमच्याने नाही, आणि दवाखान्यातून निघताना सिस्टरसमोर एकदा स्वतःच्या हाताने ओढून दाखवा. बाटली संपायच्या आधी दुसरी आणा. घरी बाळंतपण झालं, उशीर झाला, तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून बसू नका, लगेच जा.

सहा आठवड्यांना, लसीकरणाच्या वेळीच, बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात, वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. ही तपासणी थेट विषाणू शोधते. त्याच वेळी इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रिमोक्साझोलही सुरू होतं. सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा तपासणी, आणि शेवटचा निर्णय अठरा महिन्यांना. मधल्या काळात बाहेरच्या कुठल्याही पॅथॉलॉजीत बाळाची नेहमीची एचआयव्ही तपासणी करू नका. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात आलेली असतात आणि ती दीड वर्षापर्यंत रेंगाळू शकतात. त्यामुळे संसर्ग नसलेल्या बाळाचाही अहवाल पॉझिटिव्ह येतो आणि घरात रडारड होते. उलट सहा आठवड्यांचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून पुढच्या तपासण्या सोडणंही चूक, कारण बाळ अजून अंगावर पितं आहे. पाजणं पूर्ण बंद झाल्यावर सहा आठवड्यांनी एकदा तपासल्याशिवाय बाळ सुटलं असं म्हणता येत नाही. आणि एखाद्या बाळाला संसर्ग निघालाच, तर उपचार त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवेत. लवकर सुरू केलेल्या गोळ्यांवर ही मुलं शाळेत जातात, वाढतात. उशीर झाला तर पहिली दोन वर्षंच फार कठीण जातात.

क्यूबाने २०१५ मध्ये, थायलंडने २०१६ मध्ये आणि शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही जवळपास संपवल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवली. तिन्ही ठिकाणी गरोदर बाई लवकर नोंदली जाते आणि बाळंत होईपर्यंत यंत्रणेच्या नजरेआड होत नाही.

तुमच्या तालुक्यातलं एआरटी केंद्र कुठे आहे, माहेरच्या गावाजवळचं कोणतं, प्रवासात गोळ्या संपल्या तर काय करायचं, हे विचारायला १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो. फोन करताना उपचाराचं पुस्तक आणि बाळंतपणाची तारीख समोर ठेवा. घरात बोलता येत नसेल तर आशाताईकडून किंवा बाहेर पडल्यावर करा.